पोट बिघडलंय असं सांगून पाळलेला उपास

२०२५ ची धुळवड शुक्रवारी आली होती, १४ मार्चला, आणि आमचा लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. लेंटमधल्या शुक्रवारी कॅथलिक माणूस मटण चिकन खात नाही आणि हडपसरच्या माझ्या मित्राच्या घरी धुळवडीला मटण नाही असं कधी होत नाही. बोलावणं शाळेपासूनचं, दरवर्षीचं, त्यामुळे गेलो, रंग खेळलो, आणि ताटं मांडायची वेळ आली तेव्हा त्याच्या आईला म्हटलं, काकू मला नको, पोट बिघडलंय जरा. झालं. काकूंनी ओवा आणि काळं मीठ आणून हातावर ठेवलं, वर कोमट पाणी, मग दहीभात देऊ का, मग लिंबूपाणी देऊ का, मग काल काय खाल्लंस रे बाहेरचं. सगळे रस्सा ओरपतायत आणि मी ठणठणीत माणूस कोपऱ्यात ओवा चघळत बसलोय.

रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, उपास पाळलास आणि त्याच्यासाठी खोटं बोललास, मग मटण खाल्लं असतंस तर काय वाईट होतं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये.

दोन दिवसांनी काकूंना फोन करून खरं काय ते सांगितलं. मला वाटलं हसतील, पण त्या चिडल्या. "अरे मग उपास आहे म्हणून सांगायचं ना, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या होत्या डब्यात. आमच्यात काय लोक उपास करत नाहीत का?"

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं की लेंट आला की दरवर्षी प्रवचनात आम्हाला सांगतात, आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोचवा, साक्ष द्या. आणि दरवर्षी टीव्ही लावला की कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर धर्मांतरावर आरडाओरडा चालू असतो. या दोन आवाजांच्या मधे आमच्यासारखा साधा पुणेकर ख्रिस्ती उभा असतो, आणि तो नक्की काय करतो हे कोणी विचारत नाही. मी सांगतो काय करतो. ज्याच्या हातावर आपण काहीतरी ठेवतोय, धान्य, औषध, फी, त्याच्याशी आम्ही देवाबद्दल बोलतो, आणि ज्याला आमच्याकडून काहीच नकोय, जो आमच्या बरोबरीचा आहे, ज्याच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्ला, त्याच्यासमोर आमचं पोट बिघडतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे पार उलटं व्हायला पाहिजे. देताना तोंड बंद, आणि बरोबरीच्या माणसासमोर तोंड उघडं.

पहिला भाग आधी. २०२० चा लॉकडाऊन ऐन लेंटमध्ये लागला, आठवत असेल. त्या वर्षी ईस्टर १२ एप्रिलला होता आणि चर्चला कुलूप होतं, मिस्सा म्हणजे चर्चमधली आमची उपासना मोबाईलवर. आम्ही पाचसहा जण एका ग्रुपबरोबर येरवड्याच्या एका वस्तीत रेशनचे किट वाटायला जायचो, पाच किलो पीठ, तांदूळ, डाळ, तेलाची पिशवी, साबण. कोणीतरी प्रत्येक किटमध्ये एक छोटं प्रार्थनेचं कार्ड टाकलेलं, समोर येशूचं चित्र आणि मागे चार ओळी. टाकणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता हे मी आजही शपथेवर सांगेन, तो माणूस स्वतः कर्ज काढून पीठ आणत होता. पण एका बाईनं किट घेतलं, कार्ड बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "दादा, हे पण ठेवावं लागतं का?"

लागतं का. म्हणजे तिनं हिशोब केला होता. तिच्या मनात पीठ आणि कार्ड एकाच तराजूत होतं आणि तराजू आमच्या हातात होता. मी म्हटलं नाही ताई, राहू द्या, आणि कार्ड परत घेतलं, दुसऱ्या दिवसापासून कार्डं बंद झाली, त्यावरून आमच्यात वाजलं पण. एकजण म्हणाला तुला लाज वाटते येशूची. तेव्हा राग आला, आता वाटतं त्याचं अर्ध खरं होतं, मला लाज वाटतेच, पण वस्तीत नाही, ऑफिसात.

आता हे काही माझ्या मनाचं नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ ला धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा काढला त्यात चौथ्या परिच्छेदात हे सरळ लिहिलंय, की श्रद्धा पसरवताना जबरदस्तीचा नुसता वाससुद्धा येईल असं काही करू नये, आणि गरीब किंवा कमी शिकलेल्या माणसांच्या बाबतीत तर विशेष जपावं, कारण तसं करणं म्हणजे आपल्या हक्काचा गैरवापर आणि समोरच्याच्या हक्काची पायमल्ली. साठ वर्षं झाली याला. आमच्या किती धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशमध्ये, हे मराठीतून वाचून दाखवलं असेल ते जाऊ द्या. लेंटमधल्या दानधर्माबद्दल तर खुद्द येशूचं बोलणं आहे, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको, आणि आपण उजव्या हातात पीठ आणि डाव्या हातात कार्ड घेऊन उभे.

इथे आमच्यातलेच लोक मला अडवतात आणि त्यांचा मुद्दा साधा नाही. ते म्हणतात, मग तू कुठून आलास? माझे पणजोबा राहुरीकडचे, गावकुसाबाहेरचे. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेज्वीट या कॅथलिक संघाचे फादर आले, केंदळला, संगमनेरला, आणि महार मांग वस्त्यांमधून लोक ख्रिस्ती झाले, दुष्काळाचे दिवस होते, आणि आमच्या मागे तेव्हापासून एक टोमणा चिकटलाय की यांचे वाडवडील धान्यासाठी बाटले. शाळेत मी तो ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकलाय. माझ्या नियमानं चाललो असतो तर फादरांनी पणजोबांना नुसतं धान्य दिलं असतं आणि गप्प निघून गेले असते, मग मी आज मिस्साला नसतो.

तर याच्यावर मी खूप विचार केलाय. पहिली गोष्ट, गरिबाला अक्कल नसते, तो पोटासाठीच देव बदलतो, असं मानणारे दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडचे चुकतात. ज्या माणसाला विहिरीवर चढू देत नव्हते त्याला कोणीतरी चटईवर शेजारी बसवून पाटीवर अक्षर गिरवायला लावलं, तर तो त्या माणसाच्या देवाबद्दल विचारणारच की, यात आमिष कुठे आलं, आणि माणूस म्हणून वागवणं हे ज्याला आमिष वाटतं त्यानं आधी बाकीचे तसं का वागवत नव्हते ते बघावं. (आमच्यातही जात गेली असं मी म्हणत नाहीये, लग्नाच्या बोलणीत अजून निघते, पण तो वेगळा आणि लांबचा विषय आहे.) दुसरी गोष्ट, आमिष म्हणावं तर हिशोब उलटाच लागलाय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध, आणि ख्रिस्ती दलित आजही बाहेर. म्हणजे माझे चुलत भाऊ जे तिकडे राहिले त्यांना जे सर्टिफिकेट मिळतं ते मला नाही. फायद्यासाठी बाटलो असू तर आमच्याएवढे अडाणी व्यापारी महाराष्ट्रात सापडणार नाहीत.

पण तिसरी गोष्ट माझ्या बाजूची. पणजोबांनी विचारलं. विचारणाऱ्याचा हक्क वेगळा आणि देणाऱ्याची मर्यादा वेगळी. गरीब माणूस चालत येऊन म्हणाला की मला तुमच्या देवाबद्दल सांगा तर त्याला सांगायचं, नीट बसवून सांगायचं, त्याला भूक लागलेली आहे म्हणून त्याचा प्रश्न कमी खरा होत नाही. मात्र किट हातात धरून आपण सुरुवात करायची नाही. एवढा फरक आहे, आणि हा फरक येरवड्यातल्या त्या ताईंना कळत होता, आम्हालाच कळत नव्हता.

कायद्याचं थोडक्यात, कारण लोक लगेच कायद्यावर येतात. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा असे तिन्ही हक्क आहेत, प्रसार हा शब्द घटना समितीत चर्चा होऊन टिकलाय. १९७७ ला स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. आमच्याकडे बरेच जण या निकालावर नाराज असतात. मला खरं सांगायचं तर कॅथलिक म्हणून त्या वाक्याचा फार त्रास होत नाही, कारण मी कोणाचं मन बदलू शकतो असं आमची शिकवणही म्हणत नाही, ते देवाचं काम. मला त्रास होतो तो वेगळ्या गोष्टीचा, काही राज्यांत धर्म बदलायच्या आधी कलेक्टरला नोटीस द्यावी लागते त्याचा, कारण तिथे प्रश्न माझ्या हक्काचा नसून बदलणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा आहे आणि तो काही सरकारी अर्जाचा विषय नाही. पण या भीतीमागे लपून आम्ही जे गप्प बसतो ना, डब्याच्या टेबलावर, त्याचा कायद्याशी काडीचा संबंध नाही. लेंट म्हणजे काय हे शेजाऱ्याला सांगायला कुठल्याच राज्यात बंदी नाहीये.

तर आता दुसरा भाग, म्हणजे माझं पोट.

राखेच्या बुधवारी लेंट सुरू होतो. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख फादर कपाळावर लावतात आणि म्हणतात, तू माती आहेस, मातीला मिळशील. मी कित्येक वर्षं सकाळच्या मिस्साला जायचं टाळून संध्याकाळच्या मिस्साला जायचो, खराडीचं ऑफिस सुटल्यावर, म्हणजे राख कपाळावर घेऊन थेट घरी, मधे कोणी भेटायला नको. आणि याला माझ्याकडे पवित्र कारण तयार असायचं, कारण त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशू म्हणतो, उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना दाखवत फिरू नको. गंमत बघा, तोंड धुवा असं वाचून दाखवतात आणि मग तोंडाला राख फासतात. लहानपणापासून मला हे कोडं होतं. पण येशूनं ज्यांना झापलंय ते वाहवा मिळवायला उपास दाखवत होते. पुण्यात २०२६ साली राखेला कोण वाहवा देणार आहे? इथे राख लपवणं हा नम्रपणा नाही. ज्या गोष्टीची किंमत मोजावी लागत नाही तिला आपण नम्रपणा म्हणतो, आणि जिची मोजावी लागेल ती टाळतो, असं माझं चाललं होतं.

या वर्षी १८ फेब्रुवारीला सकाळच्या मिस्साला गेलो आणि तसाच ऑफिसला. पहिला प्रश्न लिफ्टमध्ये आला, "अंगारा कुठला रे?" म्हटलं आमच्या चर्चचा. "तुमच्यात पण अंगारा असतो?" असतो की. चार वाक्यं बोललो, सहावा मजला आला, संपलं. वीस वर्षं ज्याला घाबरलो ते एवढंच होतं.

आमच्या टीममध्ये एकजण माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, मांसाहार नाही, एकादशी पाळतो, आणि कोणी विचारो न विचारो आषाढात दोन आठवडे वारीशिवाय दुसरं बोलत नाही. त्याच्या नादानं अर्धी टीम एकदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालली, मी पण दिवेघाट चढलो, फुगड्या बघितल्या, पाय सुजवून घेतले आणि घरी येऊन क्रुसाची खूण करून झोपलो. कोणाला वाटलं नाही की हा आमच्यावर प्रचार करतोय. त्याला जे आवडतं ते तो बोलत होता. आता माझ्या तोंडून तेच निघालं तर वजन वेगळं पडतं, तो बहुसंख्यांतला आणि मी नाही, हे मला कळतं, मी येडा नाहीये. माझ्या वाक्यापुढे लोक एक प्रश्नचिन्ह आधीच लावून बसलेत. पण ते प्रश्नचिन्ह मी गप्प बसून पुसलं जात नाही, उलट मोठं होतं, कारण ज्या शेजाऱ्याचं काही माहीतच नाही त्याच्याबद्दल टीव्हीनं काहीही सांगितलं तरी खपतं. आणि आपण काय काल आलोय का या शहरात. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं आहे, सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, पेशव्यांच्याच फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी बांधलेलं. पेशवाईत जे उघड मिस्साला जात होते त्यांचे आम्ही वारस आयटी पार्कात कपाळ पुसतो.

अजून एक अडचण आहे जिच्याबद्दल आम्ही फार कमी बोलतो, ती म्हणजे आम्हाला सांगताच येत नाही. फोनवर काकूंनी पुढचा प्रश्न विचारला होता, "चाळीस दिवस कशासाठी रे?" आणि मी अडखळलो. इंग्रजीत उत्तर येत होतं, कॅटेकिझमच्या म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेलं. मराठीत जे आलं ते असं, की तारणप्राप्तीसाठी प्रायश्चित्तपूर्वक अंतःकरणाची तयारी. काकू म्हणाल्या, काय? चर्चमधली आमची मराठी ही चर्चच्या पायऱ्या उतरली की मुकी होते. ४०० वर्षांपूर्वी थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेज्वीट गोव्याकडे आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली ख्रिस्ताची सगळी कथा ओवीत सांगून मोकळा झाला, ना. वा. टिळकांनी (ते कॅथलिक नव्हते, पण म्हणून काय झालं) अभंगाच्या चालीत ख्रिस्ताची भजनं लिहिली ती लोक अजून म्हणतात. पुण्यातच शनिवार पेठेत जेज्वीटांचं स्नेहसदन आहे, जर्मनीतून आलेले फादर लेदर्ले पेठेत राहून इथल्या लोकांशी मराठीत बोलत बसायचे. १९०३ पासून निरोप्या हे मराठी ख्रिस्ती मासिक निघतंय. बाहेरून आलेल्यांनी एवढं केलं आणि मी मराठी शाळेत शिकलेला माणूस काकूंना चाळीस दिवस समजावू शकत नाही.

मग दुसऱ्यांदा प्रयत्न केला, पुढच्या रविवारी, त्यांच्या स्वयंपाकघरात, समोरासमोर. साधं सांगितलं. येशू चाळीस दिवस रानात उपाशी राहिला, त्याची आठवण म्हणून. रविवार धरत नाहीत म्हणून खरं तर शेहेचाळीस होतात. पूर्ण उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेव्हा एकदाच पोटभर आणि दोनदा थोडंसं, अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या माणसांना. "म्हणजे मी सुटले," काकू म्हणाल्या, त्या सत्तरीच्या आहेत. साबुदाणा चालतो का, विचारलं. म्हटलं आमच्यात उपासाचे वेगळे पदार्थच नसतात, कमी खायचं आणि वाचेल ते दुसऱ्याला द्यायचं. यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, आमच्या उपासाला तर दुप्पट खातो आम्ही. दोघं हसलो. मग मी म्हटलं की जुन्या काळी जे मोठेपणी ख्रिस्ती व्हायचे त्यांची तयारी या चाळीस दिवसांत चालायची आणि ईस्टरच्या रात्री त्यांना बाप्तिस्मा मिळायचा, अजूनही मिळतो, म्हणून लेंटमध्ये काही खास गोष्टी वाचतात. कुठल्या? म्हणून मग विहिरीची सांगितली, कारण मला तीच सगळ्यात आवडते.

ती गोष्ट अशी. येशू चालून दमलाय, भर दुपार, विहिरीवर बसलाय, जवळ पोहरा नाही. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांच्या हातचं काही घेत नाहीत. आणि हा तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. आमच्या घरी ही गोष्ट वाचली की आजोबा हमखास महाडच्या चवदार तळ्यावर यायचे, २० मार्च १९२७, आणि तो दिवस दरवर्षी लेंटमध्येच पडतो, ईस्टर कितीही लवकर येवो. आजोबा म्हणायचे, आपल्याला पाणी देत नव्हते, आणि हा देव असून आपल्या हातचं मागतो. माझा सगळा मुद्दा मला या गोष्टीतच दिसतो, येशूनं तिथे किट वाटलं नाही, तहान त्याला लागलेली होती. मागणारा तो, पोहरा तिच्या हातात, आणि म्हणून ती त्याच्याशी ताठ मानेनं बोलते, उलट प्रश्न विचारते, तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतोस, विहीर खोल आहे, तुझ्याकडे काढायला काही नाही. देवाबद्दलचं बोलणं तिथून पुढे चालू होतं.

काकू चपात्या लाटत सगळं ऐकत होत्या. मी त्यांना काही ख्रिस्ती करायला गेलो नव्हतो आणि त्या काही होणार नाहीत, देव्हाऱ्यात त्यांचा खंडोबा आहे आणि तो बरा आहे. पण गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग दिलं का तिनं त्याला पाणी?"

मी म्हटलं हो, दिलंच असणार. "असणार काय? लिहिलंय का?"

घरी येऊन योहानाचं शुभवर्तमान काढलं, चौथा अध्याय. चाळीस वर्षं ही गोष्ट ऐकतोय, दोनदा तर स्वतः चर्चमध्ये माईकवर वाचलीये. दोन वेळा सावकाश वाचलं. पाणी दिल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. ती आपली घागर तिथेच ठेवून गावात पळाली एवढंच आहे. काकूंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "बघ म्हणजे, दिवसभर चाललेला माणूस, तो तहानलेलाच राहिला की रे."